भावाच्या फळ्यावरचा नथ्थू

माणूस आकड्यात मावतो, असा हुकूम ज्या कुणी काढला त्यानं नथ्थूची झोप चोरली. दिवसाढवळ्याची, मैदानावर उभ्या उभ्या घेतलेली झोप. असला चोर सापडत नाही. तो स्वतः येतच नाही, त्याचा नुसता हुकूम येतो.

जळगावात हा हुकूम सत्त्याऐंशी साली आला, ज्ञानचंदशेठच्या पुतण्याबरोबर. शेठची डाळ मिल होती आणि मिलचा पगारी फुटबॉल संघ होता. पुतण्या अभयकुमार अमेरिकेत शिकून परतला होता.

"काकासाब, तिकडे बेसबॉल म्हणून खेळ असतो. दांडक्यानं चेंडू हाणतात. पण खेळाडूचं तोंड कुणी बघत नाही, आकडा बघतात. आपल्या फुटबॉलला तेच लावू."

"मतलब चाळणी लावायची!" शेठना लगेच उमगलं. "वर राहील ती डाळ, खाली पडेल ती चुरी."

शेठचा जन्म चाळणीपुढे गेला होता. त्यांनी दारावरचा डाळीच्या भावाचा फळा पुसून खेळाडूंना दिला. मारलेल्या फटक्यांतले शेकडा किती गोलात गेले, तो पुढच्या मगनचा आकडा. किती चेंडू परतवले, तो मागच्या हिलालचा. किती अडवले, तो गोलकीपर नथ्थूचा. तूर घेऊन येणारे शेतकरी फळा वाचून विचारू लागले, "आज हिलाल काय भाव?"

नथ्थू सगळ्यात खाली होता. हिलाल चेंडू मागे येऊच देत नसे, मग नथ्थू अडवणार काय? तो आपला दोन खांबांमध्ये उभा असे. ऊन कलायचं, धुळीला सोनेरी रंग चढायचा, पोरांचा आरडाओरडा लांबच्या गावातून आल्यासारखा वाटायचा. अख्ख्या जगात तेवढीच एक चौकट त्याच्या मापाची होती. तिथे त्याला कुणी हाक मारत नसे.

"चुरी," शेठ फळ्यावर बोट ठेवून म्हणाले. "धुळ्याच्या सामन्यात वर आला नाहीस, तर कोंड्याच्या खोलीत कामाला जायचं."

त्या खोलीत डाळीचं टरफल असं उडे की स्वतःचा हात दिसत नसे. नथ्थू तडक हिलालकडे गेला.

"हिलालभो, जरा चेंडू मनाकडे येऊ दे ना."

"येड लागनं का तुले? मी सोडसू त मना आकडा पडी."

"बठ्ठा चेंडू तूच आडावस. मी तठे काय माश्या मारू?"

हिलालनं डोकं खाजवलं. "मंग मगनले सांग, चेंडू गमाव म्हना. जितला गमाडी तितला आपले दोन्हीसले भेटी."

मगन लगेच तयार झाला. चेंडू गमावण्याचा फळ्यावर रकानाच नव्हता.

धुळ्याला सामना सुरू झाला आणि सगळं कसं तेल घातल्यासारखं चाललं. मगन चेंडू धुळ्याला देई. हिलाल एक परतवी, एक सोडी. सुटलेला नथ्थू अडवी. नथ्थूला चेंडू येतोय असं वाटतच नव्हतं. पौर्णिमेचा चंद्र उगवावा तसा तो सावकाश मोठा होत यायचा आणि ओंजळीत बसायचा.

एकदा मगनपुढे गोल मोकळा पडला. मगन थांबला. वळला. चेंडू घेऊन परत निघाला.

"मार ना रे, भाड्या!" हिलाल किंचाळला.

"अन् चुकना त? मना आकडा तू भरशी का?"

धुळेकर बघत राहिले. त्यांना वाटलं, ही अमेरिकेची चाल असावी.

गोल कुणाचाच झाला नाही. अंधारून आलं, म्हणून पंचांनी दोन्हीकडून एकेक पेनल्टी ठरवली. धुळ्याचा फटका नथ्थूनं धरला. आता आपला. मगन बुटाची नाडी बांधायला बसला, आणि ते बांधणं काही संपेना.

"मनं काम परतावानं शे, मारानं नही," हिलालनं सांगून टाकलं. बाकीचे एकमेकांच्या पाठीमागे सरकत होते.

"कुणी येणार आहे की चषक धुळ्याला देऊ?" पंच तडकले.

मग नथ्थूच निघाला. मैदान निळं झालं होतं, पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे. त्यानं चेंडूला नुसता पाय लावला. चेंडू गेला. जाळं हललं, आणि मग बऱ्याच वेळानं ओरडा त्याच्या कानावर आला.

सकाळी मिलच्या दारात अभयकुमार खडू घेऊन नाचत होता. "काकासाब, फटका एक, गोल एक! शेकडा शंभर! मगन साठावर अडलाय. असा माणूस खानदेशात नाही. आजपासून नथ्थू पुढे!"

"एक नंबर डाळ," शेठ हात जोडून म्हणाले.

"पन शेठ, मी आडावात ना बठ्ठा," नथ्थू म्हणाला.

"अडवलेले सतरा. हे शंभर. मोठं कोणतं, तूच सांग."

नथ्थूनं फळा वाचला. मग शेठकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. दोघं खडूचे हात झटकत होते.

"बरं. मी पुढे. मंग गोलमा कोन उभं ऱ्हाई?"

अभयकुमार फळ्याकडे वळला.

"तठे नका देखा. मी इचारी ऱ्हायनू ना. गोलमा कोन? बोला!"