मोटारीच्या पोटी लोणी निघाले त्याची हकीकत

कुलस्वामिनी साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौषमासी राज्यात थंडी ऐसी पडली की खोबरेल बाटलीत ठाण मांडून बसले. थोरले महाराज कैलासवासी जाहले त्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. मागे राणीसाहेब इंदुमतीबाई, कन्या वैजयंती आणि महाराजांची जुनी पांढरी मोटार, ऐसा परिवार राहिला. बाईसाहेबांनी फाटकाबाहेर पाऊल टाकणे सोडिले. मात्र नित्य प्रातःकाळी चहाचे आधण ठेवीत आणि दारीच मोटारीत बसून किल्ली फिरवीत आणि आधणास उकळी येईतो इंजिन चालवून बंद करीत. "यांची गाडी बंद पडता कामा नये," इतकेच बोलत.

एके दिवशी कन्येने तेल पाहावे म्हणोन इंजिनाचे झाकण उघडिले, तो आत पिवळट लोणी. मग पुतणे भालचंद्रराव, ज्यांनी हयातीत चाकात हवा स्वहस्ते भरली नाही, ते मसलतीस बसले आणि निदान केले की इंजिन फुटोन आत पाणी शिरले, सबब मोटार भंगारात घालावी. गिऱ्हाईक त्यांनी आधीच योजिले होते. म्हणाले, "काकू, लोणी आलंय. तूप कढायच्या आत विका." बाईसाहेब उठोन आत गेल्या.

कन्येने रेडिएटरचे पाणी पाहिले, ते तसूभर कमी नव्हते. मग ग्रंथ चाळले आणि उमगले की थंड इंजिनात दंव धरते, आणि इंजिन नीट तापण्याआधीच बंद केले तर ते उडोन जात नाही, तेलात घुसळते, त्याचेच हे लोणी. उपाय सोपा, तेल बदलावे आणि मोटार दूर चढावर न्यावी. परंतु आईस सांगावे कैसे, हा पेच भारी. तेव्हा स्मरले की महाराज थंडीत दर रविवारी घाटमाथ्यावर भजी खाण्यास स्वारी काढीत, आणि पथ्य मोडले म्हणोन बाईसाहेब कोपत, आणि महाराज परतोन आधी झाकण उघडोन पाहत.

मिस्त्रींकरवी तेल बदलिले आणि कन्या म्हणाली, "आई, गाडी दारात पुरती तापत नाही, तिला घाट दाखवायला हवा. शेजारी कोणी नसलं तर मला नाही जमायचं."

"म्हणजे मीच बिघडवली."

"आपला चहा लवकर उकळतो, एवढंच."

बाईसाहेबांनी फाटकाकडे पाहिले. मग शाल घेतली आणि डाव्या आसनी बसल्या, आणि मोटार घाट चढली, तापली, माथ्यावर पोचली. भजीवाल्याने मोटार ओळखोन दोन प्लेटी मांडिल्या. म्हणाला, "साहेब नेहमी दोन घ्यायचे. म्हणायचे, एक माझी, एक गाडीची."

बाईसाहेब त्या दोन प्लेटींकडे पाहत राहिल्या आणि मग ऐशा हसल्या की डोळ्यांस पदर लावावा लागला. म्हणाल्या, "आणखी एक द्या. आम्ही दोघी आहोत."

घरी येऊन, इंजिन निवता, झाकण उघडिले, आत निव्वळ तेल. भालचंद्ररावांचे गिऱ्हाईक विन्मुख गेले. सारांश, जुनी मोटार थंडीत दारी धुमसत ठेवू नये, दूर न्यावी. मोटारीची प्लेट कोणी संपविली हे बखरकारास ठाऊक आहे, परंतु लिहिण्याची आज्ञा नाही.