आर्डिसच्या चांदण्यांबाबत नियमावली

मिनेसोटातल्या आमच्या टमारॅक लेक गावात दर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता सात बायका एकमेकींना कुकीज देतात. प्रत्येकीने घरी भाजलेल्या सहा डझन आणायच्या, बाकीच्या सहा जणींना एकेक डझन वाटायच्या आणि नाताळासाठी सहा प्रकार घेऊन घरी जायचं. एकवीस वर्षांत या व्यवस्थेत एकच दोष आढळला होता. सातांतली एक आर्डिस होती.

आर्डिस आल्याच्या चांदण्या करते, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या कुकीज. त्या दिसतात सुरेख, वासही छान येतो. गेल्या वर्षी पाद्रीबाई कॉरीन यांच्या दाढेवर बसवलेली कॅप त्यातल्या एका चांदणीत रुतून बाहेर आली. बाईंनी ती शांतपणे रुमालात बांधली आणि म्हणाल्या, "दाढ जुनीच होती गं. चव मात्र वेगळीच आहे हं." आमच्याकडे टीका यापुढे जात नाही.

यंदा बोलावणं लोर्नाकडे होतं, म्हणून आर्डिसला एकदाचं सांगण्याची जबाबदारीही तिच्यावर आली. लोर्ना एकटी राहते. आर्डिस तिची शेजारीण. आर्डिसचा नवरा डेलमार नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रोज सकाळी आपलं यंत्र आणून लोर्नाच्या दारातला बर्फ उडवून देतो, कुणी न सांगता. लोर्नाच्या डोळ्यांपुढे आधी आर्डिसला सांगायचं ते एक वाक्य आलं, आणि त्याच्यामागे सहा महिन्यांचा बर्फ.

"मी नाही सांगणार," ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता ती म्हणाली. "आपण नियम करू. नियमाचं कुणी मनाला लावून घेत नाही."

"पण त्यात तिचं नाव नको," बर्नीस म्हणाली.

"नाव कशाला? सगळ्यांना लागू. तिलाच अडवेल, एवढंच."

त्यानुसार नियम क्रमांक एक संमत झाला: कुकी अंगठ्याने दाबली असता दबली पाहिजे. प्रत आर्डिसकडे पाठवली. तिने ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि चांदण्यांच्या डब्यात पावाचा एक काप ठेवून दिला. तीन दिवसांत चांदण्यांचा वरचा पापुद्रा मऊ पडला. आत काय असावं, याबद्दल नियमात काहीच म्हटलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या पूर्वतपासणीत आर्डिसची चांदणी दबली. बर्नीसच्या कागदासारख्या पातळ क्रुमकाके कुकीचा मात्र अंगठ्याखाली भुगा झाला. तिच्यासह कुरकुरीत प्रकार करणाऱ्या तिघी अपात्र ठरल्या.

"माझी पणजी हे नॉर्वेहून घेऊन आली होती," बर्नीस म्हणाली.

"म्हणून तर सगळ्यांना वाईट वाटतंय," लोर्ना म्हणाली.

नियम मागे घ्यावा, अशी सूचना आली. पण मग तो का मागे घेतला, हे आर्डिसला सांगावं लागलं असतं. त्यामुळे तो कायम ठेवून त्याच्यावर दुसरा घालण्यात आला: पाककृती घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हस्ताक्षरात हवी. आर्डिसच्या चांदण्या कुठल्याशा मासिकातल्या आहेत, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आर्डिसने पणजीने लिहिलेलं पाककृतीचं कार्ड आणलं. तारीख १९११, लोण्याचे डाग, वर वाकडीतिकडी सही.

उरलेल्या तिघींपैकी एकीने पाककृती आईने फोनवर सांगितल्याचं कबूल केलं. कॉरीनबाईंच्या आजीची सुप्रसिद्ध चॉकलेट कुकी चॉकलेटच्या पाकिटाच्या पाठीवर छापलेली निघाली. "आजी तेच पाकीट आणायची," त्या म्हणाल्या. लोर्नाच्या घराण्यात तीन पिढ्या गुप्त ठेवलेली पाककृती लोण्याच्या वेष्टनावर सापडली. गुप्त ठेवण्याचं कारण तिला तेव्हा कळलं.

अशा रीतीने शनिवारी दोन वाजता लोर्नाच्या टेबलावर नियमानुसार पात्र असे एकाच बाईचे सहा डझन जिन्नस होते. बाकीच्यांच्या कुकीज बाहेर मोटारींच्या डिकीत गोठत होत्या. इतकी वर्षं प्रत्येकीच्या सहा डझनांत आर्डिसचं एक डझन असे. यंदा प्रत्येकीला आर्डिसचं एक डझन मिळालं, आणि दुसरं काहीच नाही. सहाही जणींनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"आणि मी काय नेऊ?" आर्डिसने विचारलं. तिच्या हातात रिकामा डबा होता.

नियमात त्याचीही सोय नव्हती.

आर्डिस जाता जाता दारात लोर्नापाशी थांबली. "लोर्ना, तू माझी सगळ्यांत जुनी मैत्रीण. आज मी रिकाम्या हाताने चाललेय, निदान खरं तरी सांग. कशा असतात गं त्या?"

बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता. डेलमारच्या यंत्राचा आवाज येत होता. लोर्नाला त्या क्षणी फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तो कोणता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"छान," लोर्ना म्हणाली. "वेगळ्याच."

आर्डिसचा चेहरा फुलला. "बरं झालं बाई. डेलमार तर लग्नाच्या पहिल्याच नाताळात तोंडावर म्हणाला, आर्डिस, हे मला चाववत नाही. मी खूप हसले. तेव्हापासून त्याला एकही दिली नाही. सगळ्या तुमच्यासाठीच करते. आता तुला इतक्या आवडतात म्हटल्यावर पुढच्या वर्षी तुझ्या दोन डझन."

लोर्नाने दोनदा नको म्हटलं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा हो म्हटलं.

तिच्या जागी तुम्ही असता तर खरं सांगून मोकळे झाला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तर मग असं करा, गेल्या आठवड्यात ज्यांच्या घरी जेवलात त्यांना फोन लावा आणि जेवण खरं कसं होतं ते सांगा. तोवर आम्ही लोर्नाला हसायचं थांबवतो.