बोस्टनची टाकी भिलाईत

संकट यायच्या आधी त्याची चाहूल फक्त शिकलेल्या बाईलाच लागते, असं जयाचं ठाम मत होतं. नागपूरला बी.ए. होऊन ती भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरात आली, तेव्हापासून तिला इतक्या चाहुली लागल्या होत्या, की त्यातलं एकही संकट अजून कसं पोचलं नाही, याचंच तिच्या नवऱ्याला, केवलरामला, नवल वाटे.

त्या मे महिन्यात मात्र खरंच काहीतरी पणाला लागलं होतं. सासूबाई, अंजनाबाई, भंडाऱ्याकडच्या गावाहून पत्र्याची पेटी घेऊन आल्या होत्या. चार वर्षांच्या नातीला, हिराला, न्यायला.

"जिकडंतिकडं खड्डे खोदून ठेवले. ट्रक धावून राह्यले. वरून लाल धूळ. हे काय लेकरू वाढवाचं गाव हाय?" असं बोलून झाल्यावर त्या जरा मऊ झाल्या. "आठ दिस पायतो. तुले जमून राह्यलं असंल, तर राहू दे तिले इथंच."

सात दिवस जयाने पोरीला असं सांभाळलं, की हिरा शिंकायच्या आधी रुमाल हजर. आज आठवा दिवस.

घात केला तो एका पुस्तकाने. शेगडी पेटवायला केवलरामने सुपेल्याच्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडून गठ्ठा आणला, त्यात एक बिनकव्हरचं इंग्रजी पुस्तक निघालं. बोस्टन नावाच्या जुन्या अमेरिकन शहरातल्या, तिथलेच लोक विसरून गेलेल्या गोष्टी. रोज दुपारी जया ते मराठी करून सांगे आणि सासूबाई तांदूळ निवडत ऐकत.

"तिथले रस्ते म्हणे गाईंनी पाडले. गाई चालल्या तशा वाटा वळल्या."

"म्हणजे आमच्या गावासारखंच हाय ते. इथं पाय, सगळे रस्ते फुटपट्टीनं आखलेले. गाय बिचारी चुकते."

"आणि एके काळी नाताळ साजरा केला, तर दंड होता."

"नाताळ कोणाचा?"

"त्यांचाच."

"असंच असते. घरच्याइलेच टोकणं सोपं."

आठव्या दिवशी सासूबाई अंगणात कुरड्या राखत बसल्या होत्या, म्हणून जया एकटीच पुढे वाचत गेली आणि काकवीच्या पुरापाशी येऊन पोचली. साल १९१९. पन्नास फूट उंच लोखंडी टाकी, आत काकवीच काकवी. टाकी गळायची. गळणं दिसू नये म्हणून तिला तपकिरी रंग फासला. गल्लीतली पोरं डबे घेऊन जायची आणि ठिबकलेली काकवी भरून आणायची. एका दुपारी टाकी फुटली. घराएवढी लाट आली. एकवीस माणसं गेली.

जयाने पुस्तक मिटलं. खिडकीतून क्वार्टरांच्या मागे उभारलेली नवी टाकी दिसत होती. लोखंडी. उंच. लालसर तपकिरी.

तेवढ्यात हिरा आत आली. हातात डालड्याचा डबा, तोंड तपकिरी, बोटं चिकट.

"काय आहे ते?"

"गोड."

"कुठून आणलंस?"

"टाकीखालून. सगळी पोरं आणून राह्यली."

आणि बाहेर, उन्हात तापलेली टाकी कडकन वाजली.

भिलाईत एवढी काकवी कोण कशाला भरून ठेवेल, हा प्रश्न जयाला पडला, नाही असं नाही. पण ज्या गावात परदेशी साहेब येऊन पाण्यासारखं लोखंड ओततात, तिथं कशात काय भरलं असेल याचा नेम नाही, असं उत्तरही तिने लगेच काढलं. हिराला तिने सासूबाईंच्या कडेवर दिलं, दोघींना मैदानात पिटाळलं आणि थाळी बडवत क्वार्टरांच्या रांगेतून निघाली. "बाहेर निघा! टाकी फुटणार आहे!"

शेजारच्या गिरजाबाई दारात आल्या. "काय भरलं वं तिच्यात?"

"काकवी."

"थांब मंग. गंज घेऊन येतो."

पाहता पाहता पाच-सहा बायका गंज, पातेली, बादल्या घेऊन निघाल्या, त्या नेमक्या टाकीच्या दिशेने. आता यांना वाचवणं आलं. जया धावत पुढे गेली आणि टाकीच्या सावलीत दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"एक पाऊल पुढे टाकू नका," ती म्हणाली आणि स्वतः एक पाऊल मागे सरकली.

मागे विटांवर एक भलंमोठं पिंप होतं. ते डगमगलं, कललं आणि आडवं झालं. तपकिरी लोंढा निघाला. उतार क्वार्टरांकडे होता आणि सगळ्यात जवळचं, सताड उघडं मागचं दार जयाचंच होतं.

बोस्टनची लाट निदान परक्यांच्या घरात शिरली होती.

क्वार्टरांचं काम करणारा नत्थू मिस्त्री शिडीवरून सावकाश उतरला. रिकाम्या पिंपात त्याने वाकून पाहिलं.

"बाई, गूळ अन् बेलफळाचा गर होता त्याच्यात. तीन दिस भिजवला होता. छताच्या चुन्यात टाकतो, म्हणजे पावसात छत गळत नाही."

"कोणाच्या छताच्या?"

"तुमच्याच."

"आणि ही टाकी?"

"ते रिकामी हाय. पाणी यायले दिवाळी होईल. सावली पडते, म्हणून पिंप इथं ठेवलं होतं."

संध्याकाळी केवलराम ड्यूटीवरून आला आणि स्वयंपाकघराच्या दारात चपलेसकट चिकटून उभा राहिला. मुंग्या त्याच्या आधी पोचल्या होत्या. सुपेल्यापर्यंतच्या असाव्यात.

अंजनाबाईंनी उठून खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. तो आवाज ऐकून जयाने हिराचे फ्रॉक घडी करून पुढे ठेवले.

"हे कायले?"

"न्यायला... हिराला."

"तिले कायले नेऊ? पोरगी शहाणी हाय. टाकीपासून घरापर्यंत डबा आणला, एक थेंब सांडला नाही." अंजनाबाईंनी पेटी उघडली आणि आतली लुगडी एकेक काढून खुंटीवर टाकायला सुरुवात केली. "मीच रायतो आता इथं. तुह्यावर कोणाले तरी लक्ष ठेवा लागते."

मग कोपऱ्यातलं पुस्तक त्यांनी पदराने पुसून जयापुढे सरकवलं.

"त्या गावाचं पुढं काय झालं, ते वाच. पण बसून वाच."