चालू ड्राइव्हला हात लावायचा नसतो!

टेप या विषयात अख्ख्या परतूर तालुक्यात माझा हात धरणारा कुणी न्हाई! हे मी म्हणत न्हाई, माझी नोकरी म्हणते.

मी सुमित, राहणार आष्टी. घरी बसून, लॅपटॉपपुढं, एका परदेशी बँकेच्या मेनफ्रेमवर नजर ठेवायचं काम करतो. मेनफ्रेम म्हणजे आपल्या कॉम्प्युटरांचा खापरपणजोबा. वय झालंय, पण घरचा सगळा कारभार अजून त्याच्याच हातात! त्याची जुनी माहिती टेपांवर ठेवलेली असते. त्या टेपा ज्या मशीनमध्ये फिरतात, तिला म्हणायचं टेप ड्राइव्ह. कोणता ड्राइव्ह ऑनलाइन आहे, कोणता ऑफलाइन, कोणता बिझी, हे मी कमांड मारून बघतो अन् पुण्याच्या वंदना मॅडमला फोनवर वाचून दाखवतो. तासाभरानं पुन्हा बघतो, पुन्हा वाचून दाखवतो. पगार त्याचाच.

"कधी पाह्यल्यास का रे तू त्या मशिनी?" माय एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाली.

"पाहायची काय गरज, माय? इथं स्टेटस दिसतो ना!"

"मंग टेपा तरी?"

"त्या तिकडं यंत्राचा हात काढतो अन् घालतो. माणसाचं काम न्हाई ते."

"म्हंजी टेपवाला म्हणायचा, अन् टेपला हात न्हाई," असं म्हणून तिनं पुढची शेंग फोडली. मी दुर्लक्ष केलं. घरच्यांना आपली किंमत नसते.

वंदना मॅडमचा एक नियम आहे, तोही सांगून ठेवतो. स्टेटस बिझी असला की हात लावायचा न्हाई. आभाळ कोसळलं तरी आधी काम पुरं होऊ द्यायचं. हा नियम माझ्या अंगात इतका भिनलाय की मिक्सर चालू असला तर पायलला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तो मधेच बंद करू देत न्हाई. चटणीचं पाणी होतं, पण नियम मोडत न्हाई!

आता मूळ गोष्ट.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, भिवा गायक. आष्टीपासून वाटूरपर्यंत भीमजयंती असो की कुणाच्या घरचं लग्न, दादांच्या गाण्याशिवाय लोक जागचे उठत नसत. पण शेवटची कितीतरी वर्षं घशाच्या आजारानं त्यांचा आवाज गेलेला. पाणी पाहिजे असलं तरी हातानं खूण करायचे. घराघरात मोबाइल आले तोवर दादा मुके झाले होते. त्यामुळं आमच्याकडं त्यांचे फोटो ढीगभर, अन् आवाज? आवाज कुठंच न्हाई. फक्त एक कॅसेट. ती मायनं पेटीच्या तळाशी, पांढऱ्या रुमालात बांधून ठेवलेली.

दादांना जाऊन वर्ष होत आलं. विहारात पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरला. जेवण काय, मंडप कुणाचा, सगळं बोलणं झालं अन् मंग कोपऱ्यातून माय म्हणाली, "मला एकदा त्यांचा आवाज ऐकवा. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

 

वसंता काका, दादांचे धाकटे भाऊ, हळूच म्हणाले, "जालन्याला एकजण कॅसेटीतलं मोबाइलमधी घालून देतो म्हणं. तिथं नेऊ."

मला हे लई झोंबलं! "काका, घरात टेपवाला बसलेला असताना जालन्याला जायचं? लोक काय म्हणतील? बिलकुल काळजी करू नका. टेप हा माझा रोजचा विषय आहे!"

"पण तू ती कधी..."

"काका!"

 मायनं रुमाल सोडला अन् कॅसेट माझ्या हातात दिली. देताना दोन्ही हातांनी दिली.  मी चेहरा जाणकाराचा ठेवला.

पहिली अडचण ही की कॅसेट वाजवायला टेपरेकॉर्डर पाहिजे. गावात विचारलं तर लोक हसायले. शेवटी तो निघाला सुग्रीव काकांकडं. सुग्रीव काका धनगरवस्तीवर राहतात. दादांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचा टेप मक्याच्या रानात कामाला होता! रानडुकरं येऊ नयेत म्हणून काका मागच्या साली रात्रभर त्यावर जुनी भाषणं लावून ठेवायचे.

"भाषणानं डुकरं पळत्यात?" मी विचारलं.

"डुकरंच काय, माणसंबी पळत्यात," काका म्हणाले अन् टेप घोंगडीत गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला. लॅपटॉपच्या शेजारी. दुपारची वेळ, माझी ड्यूटी चालू.

मी कंपनीच्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी सफाई. आतली माती, मक्याची तुसं अन् एक मेलेलं झुरळ काढलं. मंग कॅसेट घातली. माय समोर येऊन बसली. डोक्यावर पदर नीट घेतला, जसं कुणी मोठं माणूस घरी येणार आहे.

मी प्लेचं बटन दाबलं. बसेना! गंजलेलं. पुन्हा दाबलं. बसेना! मंग शेजारचं लाल बटन संगट दाबलं, तर दोन्ही खटकन खाली गेली. कॅसेट फिरू लागली. लाल दिवा लागला!

"बघा!" मी म्हणालो.

तेवढ्यात वंदना मॅडमचा फोन. मी मायला हातानं थांब म्हणालो अन् कमांड मारून स्टेटस वाचायला घेतला. तो पुरा झाला तरी मॅडमचं काहीतरी चालूच होतं. माय पुढं सरकली.

"सुमित, फिरतंय बराबर. पण आवाज येईना."

मी फोनवर हात ठेवला. "येईल, माय."

"बंद करून पुन्हा लाव की."

"माय, लाल दिवा बघ. म्हणजे बिझी आहे. चालू ड्राइव्हला हात लावायचा नसतो!"

मायनं सुग्रीव काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "लेकराचं रोजचं काम हाय, वहिनी. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

 मंग मायनं त्या मशीनला कान लावला अन् तशीच बसून राह्यली. लांबून हळू तरी येत असंल, असं तिला वाटलं असावं. माझा फोन झाला, चहा झाला, तरी तिचा कान तिथंच.

शेवटी मी बटन उचललं, विचार केला अन् निदान सांगितलं: स्पीकर गेलाय. ड्राइव्ह ठणठणीत! विहारात साउंडवाल्या तातेरावच्या मोठ्या कर्ण्याला वायर जोडली की आवाज घणाणा येईल. कॅसेट उलटी फिरवून सुरुवातीला आणून ठेवली.

"एक डाव जोडून बघू का आधी?" वसंता काका संध्याकाळी म्हणाले.

"टेप उगं फिरवायची नसते, काका. झिजते."

हे कुठून आलं माझ्या तोंडात, मलाही ठाऊक न्हाई. पण जाणकार माणसाला थांबता येत न्हाई हो!

स्मृतिदिनाला विहार भरून लोक आले. परतूरचे पाहुणे, वाटूरची गाण्याची मंडळी, दादांची जुनी पेटी-ढोलकीची पार्टी, सगळे पांढऱ्या कपड्यात. बुद्धवंदना झाली. दादांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. तातेरावनं वायर जोडली अन् वसंता काका माइकवर म्हणाले, "आता आपल्याला भिवादादांचा आवाज ऐकायचाय. सगळ्यांनी डोळे मिटा. हात जोडा."

सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले. माय पुढं बसलेली, नवं लुगडं, दोन्ही हात छातीशी. मी प्ले दाबलं. त्या दिवशी ते नुसतं बोटानं बसलं. मेलं, कधी न्हाई ते!

थोडी खरखर झाली. मंग कर्ण्यातून, अख्ख्या आष्टीला ऐकू जाईल असा, धीरगंभीर आवाज आला:

"गुड आफ्टरनून, मॅडम. ड्राइव्ह एक, ऑनलाइन."

हा तर माझाच आवाज!

"ड्राइव्ह दोन, ऑनलाइन."

"...ऑनलाइन," पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी म्हाताऱ्या हात जोडून म्हणाल्या. कर्ण्यातून कुणी काही म्हणलं की आपण मागं म्हणायचं, ही त्यांची जन्माची सवय. बेबीनंदा आत्या, दादांची बहीण, हिला कमी ऐकू येतं. तिनं तर पदर डोळ्याला लावला.

"ड्राइव्ह तीन, बिझी. ड्राइव्ह चार, ऑफलाइन. हो मॅडम, कालपासून बंदच आहे."

आता लोकांचे डोळे एकेक करून उघडायले. वसंता काका माझ्याकडं बघायले. मी म्हणतो, बंद करावं! जल्दी! मी टेपवर झडप घातली, हात बटनापर्यंत गेला, अन् नेमका तेव्हाच कर्णा कडाडला:

"चालू ड्राइव्हला हात लावायचा नसतो!"

माझा हात हवेतच राह्यला. कसा लावू, सांगा! मागं कुणाला तरी खोकला आला. तो खोकला न्हवता. पुढं सगळं बयाजवार, एकामागून एक आलं. माझ्या चहाचे फुरके आले. सुग्रीव काकांना मी म्हणलेलं, "वसंता काकांना टेपमधलं काय कळतंय?" हे आलं. वसंता काकांनी ते माइक हातात धरून, दादांच्या फोटोशेजारी उभं राहून ऐकलं. मी त्या फोटोकडं बघायचं टाळलं. दादा हसत असल्याचा फोटो आहे तो.

मला कळून चुकलं होतं. लाल बटन, म्हणजे रेकॉर्डिंगचं. मी दादांच्या आवाजावर माझा आवाज चढवला होता! जगात होता तेवढा त्यांचा आवाज, अन् तो मी ड्राइव्ह चार ऑफलाइन म्हणून पुसून टाकला. मायकडं बघायची माझी छाती होईना.

अन् मंग खट्‌ असा आवाज झाला. माझं बोलणं मधेच तुटलं. अन् पेटी वाजली. ढोलकीची थाप पडली. अन् दादा गायले.

काय आवाज होता तो! भरलेला, मोकळा, जरा वरच्या पट्टीतला. मी लहानपणी अंगणात झोपून ऐकायचो तो. खोकणारे गप झाले. दादांच्या पार्टीतले म्हातारे मांडीवर ताल धरायले. सुग्रीव काका पागोट्याच्या शेवानं तोंड पुसायले. गाणं संपेपर्यंत विहारात कुणी हाललं न्हाई. मी तिथंच उभा राहून ओक्साबोक्शी रडलो. लाज वाटली न्हाई.

दुपारी पंगती उठल्या, पाहुणे गेले. घरी आलो तर माय ओसरीवर बसलेली. मी तिच्यापुढं बसलो.

"माय, चुकलं माझं. पण गाणं तरी वाचलं ना?"

"गाणं पुरं हाय," माय म्हणाली. "एक शब्द गेला न्हाई."

मी असा श्वास सोडला की शेजारची कोंबडी बिचकली! "मंग पुसलं काय?"

"गाण्याच्या आधीचं बोलणं. टेप सुरू करून ते लई वेळ एकेकाला इचारत व्हते. पेटी बराबर हाय का? ढोलकी बराबर हाय का? सुग्रीव, तू खोकू नको. तू तुझ्या मॅडमला सांगतोस ना, बिलकुल तसंच." मायला थोडं हसू आलं. मंग ती थांबली. "अन् समदं इचारून झाल्यावर म्हणले, दीपमाला, चहा ठेव."

दीपमाला हे मायचं नाव.

"ते माझं नाव घेत न्हवते कधी. अगं म्हणायचे, न्हाई तर सुमितची माय म्हणायचे. तेवढ्यात एक डाव घेतलं. घाईघाईत तोंडातून गेलं असंल." तिनं लुगड्याचा काठ सरळ केला. "गाणं मला पाठ हाय रे. मला तेवढंच ऐकायचं व्हतं."

  मंग मायच म्हणाली, "तू म्हण बरं."

"काय?"

"तेच. लोक म्हणत्यात, तुझा आवाज त्यांच्यावाणी हाय."

"माय, तुझं नाव घेऊ? मी?"

"घे. मी सांगायले ना."

मी उठून उभा राह्यलो. घसा साफ केला. मायनं डोळे मिटले अन् मान जराशी माझ्याकडं कलती केली, त्या दिवशी मशीनला कान लावला होता तशी.

"दीपमाला, चहा ठेव," मी म्हणालो.

आत पायलच्या हातातून ताट पडलं. मायनं डोळे उघडले न्हाईत. 

"फिरतंय बराबर," ती म्हणाली. "पण आवाज येईना."

अन् गुडघ्यावर हात ठेवून चहा ठेवायला उठली.