कादंबरीतला नवरा

लातूरच्या प्रकाशकाने तनुजाची कादंबरी परत पाठवली. वर एकच ओळ : ‘नवऱ्याचं पात्र अजून खुलवा.’ तिने खुलवण्याआधीच ती तिच्या नवऱ्याने, सुदर्शनने, वाचली.

“ह्यो बायकोच्या कानाखाली मारून राहिला. वरणात मीठ कमी म्हणून?”

“कथा हाय ती.”

“नांदेडात लोकायला कथाबिथा कळत न्हाई. खामखा माझं नाव खराब. काढून टाक त्याला.”

सबंध कादंबरीत तेवढं एकच पान तनुजाला खरं वाटत होतं. पण घरात राहायचं होतं. तिने दुसऱ्याच प्रकरणात नवऱ्याला हार्ट अटॅक दिला. नायिका मोकळी झाली आणि कादंबरी भराभर पळायला लागली.

हे सासूबाईंच्या, नागुबाईंच्या, कानावर गेलं. “जित्या माणसाला मारलंस व्हय गं?”

“कागदावरचा हाय तो, आत्याबाई.”

“असंना! कावळा शिवल्यावानीच झालं की हे.”

डोक्याला कावळा शिवला की त्या माणसाचं मरण ओढवतं म्हणतात; त्यावर उपाय ठरलेला. नात्यातल्या कुणाला तरी माणूस गेल्याचा खोटा निरोप द्यायचा. ते रडले की अरिष्ट टळतं, मग खरं सांगायचं. नागुबाईंनी उमरीच्या बहिणीला, लक्ष्मीबाईला, फोन लावला. “सुदर्शन गेला गं!” लक्ष्मीबाईने हंबरडा फोडला. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण खरं ऐकायच्या आत तिने फोन घरातच टाकला आणि भावकीतल्या बायका गोळा करून जीप गाठली.

दुपारी जीप दारात उभी. नागुबाईंनी सुदर्शनला आतल्या खोलीत ढकललं. “त्यायचं रडणं होऊ दे. मधीच तोंड दाखवलंस तर गुण येत न्हाई.”

बायका तनुजाच्या गळ्यात पडल्या. लक्ष्मीबाई तिच्या कानाशी पुटपुटली, “रडू नगो, पोरी. सुटलीस.”

तनुजा रडत नव्हतीच.

“गेलेल्याला नाव ठिवू न्हाई,” दुसरी म्हणाली, “पर हात लई चालायचा. सत्यनारायणाला आलो तवा भर पंगतीत ताट भिरकावलं व्हतं. मीठ कमी म्हणून.”

“समदं ठावं व्हतं आमाला. हिचा गाल बघूनच कळायचं.”

“मंग कुणी बोललं का न्हाई, मावशी?” तनुजाने विचारलं.

लक्ष्मीबाईने पदर सारखा केला. “बोलून काय व्हतंय, बाई? पाणी दे जरा. उन्हाचं आलोय.”

तिने पाणी दिलं.

मग नागुबाईंनी आतल्या खोलीची कडी काढली. किंकाळ्या झाल्या, हसू झालं, ओवाळणं झालं. लक्ष्मीबाईने सुदर्शनच्या गालावरून कडाकडा बोटं मोडली. “तुझ्यावानी गुणी लेकरू नात्यात न्हाई रे!” आणि तनुजाला म्हणाली, “नशिबाची गं तू.”

जीप गेल्यावर सुदर्शन ओट्यापाशी येऊन घुटमळला. “त्या नवऱ्याला जिता कर.”

“मंग कानाखालचं?”

“ऱ्हाऊ दे.” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “लोकायला ठावंच हाय.”

तनुजाने नवरा जिवंत केला, ते पान जागेवर लावलं. त्यात भरीला पाणी मागणारी एक मावशी घातली, आणि सगळ्या बायका.

प्रकाशकाचं उत्तर आलं : ‘नवरा छान खुललाय. मात्र इतक्या बायकांना ठाऊक असूनही सगळ्या गप्प राहतात, हे पटत नाही. तेवढं काढा.’