थोरल्या बाईंनी कोंबड्यांस गोषा लाविला त्याची हकीगत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न असावा, परंतु अंमळ दुरून प्रसन्न असावा, ऐसी प्रार्थना करोन लेखनास आरंभ केला. शके सोळाशे त्र्याहत्तर, प्रजापतिनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. मरुदेशी एक राज्य होते. त्याचे नाव लिहावे म्हणोन लेखणी बुडविली, तो दौतीतील शाई वाळोन गेली, सबब नाव राहिले. त्या मुलखी वाळू उदंड, पाणी थोडे, आणि झाडाची सावली म्हणजे जहागीर. तेथे वाड्यात दोघी जावा शेजारशेजारचे चौक धरोन नांदत होत्या, थोरल्या गोजराबाई आणि धाकट्या चिमाबाई, आणि मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. यजमान सरहद्दीवर, मुले आपापल्या संसारी, मग राज्यकारभारास उरली ती कोंबड्यांची फौज. धाकटीच्या कोंबड्या त्याच मुलखीच्या, अंगाने काटक, माना बोडक्या, दिसावयास ऐशा की आताच कोणाशी भांडोन आल्या. परंतु आग ओतणाऱ्या उन्हातही अंडी देत, आणि ती ताटात आली म्हणजे सासूबाई म्हणत, "चिमाचा हात गुणाचा हो." हे ऐकिले की थोरल्या बाईंचा घास घशातच तळ ठोकी.

मग बाईंनी थंड पहाडी मुलखातून, उंटावर ओले वाळ्याचे पडदे बांधोन, नव्या कोंबड्या आणविल्या. अंगभर रेशमी पीस, पायांतही पिसांचे मोजे, आणि चाल ऐसी की मागे चवरी ढाळणारे असावे. त्यांत एक पांढरी, तिचे नाव मखमल ठेविले. ती बाईंच्या मांडीवर बसोन डोळे मिटी, आणि बाई तिच्याशी जे बोलत ते माणसांशी बोलत नसत. धाकटीने भिंतीवरून पाहिले आणि म्हणाली, "जाऊबाई, सुरेख आहेत हो! पण एवढ्या रजया पांघरून या उन्हाळ्यात तगायच्या कशा?" बाईंनी मनी म्हटले, जळते मेली. आणि उघड बोलिल्या, "तुझ्या फिरतात उघड्या मानेनं गावभर. माझ्या खानदानी आहेत." आणि मग वाड्याचा रिवाज काढिला, की ज्या घरच्या बायका गोषात त्या घरच्या कोंबड्याही गोषात, आणि खुराड्यास चहूंकडोन जाड किनखापी पडदे सोडविले, आणि वारा बाहेरच्या बाहेर मुजरा करोन परत जाऊ लागला. धाकटी दाणा घाली तो उजाडण्यापूर्वी आणि दिवस बुडाल्यावर, म्हणोन बाईंनी तिला चिक्कू ठरविले आणि आपल्या फौजेस ऐन दुपारी बाजरीची रास मांडिली. आता भर उन्हात पोट भरले म्हणजे कोंबडीचे अंग आतोनही तापते, हे त्या राज्यात सर्वांस ठाऊक, बाईंसही ठाऊक. परंतु मत्सर चढला म्हणजे ठाऊक असलेलेही आठवत नाही.

मग कोंबड्या चोची उघडोन धापा टाकू लागल्या, पंख अंगापासोन दूर धरू लागल्या, आणि एके दुपारी दोघी कैलासवासी जाहल्या. बाईंनी दासी मंजुळेस म्हटले, "मागच्या दारानं ने. पलीकडं कळता कामा नये."

मंजुळा म्हणाली, "बाईसाहेब, पडदा जरासा वर करते. वारा तरी लागंल बिचाऱ्यांना."

"खबरदार! ती भिंतीशीच उभी असेल. म्हणेल, बघा, उतरला तोरा."

ऐसे म्हणोन बाई आत जाऊन रडल्या आणि तोंड धुवोन बाहेर आल्या. तो दुसरे दिवशी मखमल दिसेना. शोध करिता कळले, की ती कित्येक दिवस पडद्याखालोन निसटोन, भिंत ओलांडोन धाकटीचे चौकात अंडी घालोन येत होती, आणि आता तेथेच शमीच्या झाडाखाली खुडूक होऊन त्यांवर बसली आहे. आणि त्या राज्याचा कायदा ऐसा, की ज्या अंगणी अंडे फुटे त्या अंगणाची पिल्ले, मग कोंबडी कोणाचीही असो. बाईंच्या टाळूस आग लागली. कोंबडी झाकावयाचे डालगे काखेस मारिले आणि चालोन गेल्या, दोन प्रहरच्या उन्हात, स्वतः, अनवाणी.

"माझी कोंबडी न्यायला आले."

"न्या की. तुमचीच आहे," धाकटी म्हणाली. "पण आधी इथल्या वाळूला हात लावून बघा. मग आपल्या खुराड्यातली आठवा."

बाईंनी हात लाविला. वाळू शिंपलेली, गार. वाऱ्याच्या अंगास ओले तरट टांगिलेले, मडके निम्मे वाळूत पुरलेले, आणि मखमल चोच मिटोन, शांत. बाईंनी अंड्यांकडे हात नेला, तो मखमलीने तो हात टोचिला, रक्त आले. आणि धाकटीने पाठीवरून हात फिरविला तो मात्र मुकाट फिरवोन घेतला. सवत उंबरा ओलांडोन आली असती तरी बाईंस इतके झोंबले नसते.

"सगळं तुझं," बाई म्हणाल्या. "सासूबाई तुझ्या, सावली तुझी. माझं म्हणून एक बोलायला माणूस होतं, तेही तुझं!"

"अहो, ती खुडूक आहे, टोचणारच. मला सकाळीच टोचली ना." धाकटीने मनगट दाखविले, आणि मग तिचाही आवाज बदलला. "आणि मला काय होतं ते कधी विचारलंत? तुमच्या त्या उंटावरून उतरल्या, तेव्हापासून माझ्यांकडं बघवत नाही मला. ही तुमच्या मांडीवर डोळे मिटायची. मी एकदा माझ्या बोडकीला घेतलं मांडीवर, तर नाकाला चोच मारून पळाली. हा बघा वण."

"तू बघायचीस?"

"रोज. भिंतीआडून."

"जळायचीस?"

"खाक व्हायची, जाऊबाई."

आपला कोणी मत्सर करितो, आणि तोही रोज, हे ऐकोन बाईंच्या जिवास जो थंडावा पडला तो वाळ्याच्या पडद्यांनीही पडला नसता. त्यांनी भिंतीकडे तोंड करोन हाक दिली, "मंजुळे! काढ ते पडदे. तरटं भिजव. आणि ती बाजरी उचल, संध्याकाळी घालू." मग डालगे उपडे घातले, त्यावर बैठक मारिली, पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "हं. आता नीट पहिल्यापासून सांग. कशी कशी जळायचीस?"

पुढे पिल्ले निघाली, माना बोडक्या आणि पायांत मोजे. कायद्याने ती धाकटीची जाहली, थोरल्या बाईंनी दावा सांगितला नाही, परंतु पाहणी करावयास म्हणोन रोज दुपारी जात राहिल्या. येणेप्रमाणे कोंबड्यांचा गोषा उठला आणि उरली फौज वाचली. मत्सर गेला नाही, परंतु तो दोहींकडे सारखाच आहे ऐसे कळल्यावर दोघींस जेवण गोड लागू लागले. हकीगत संपूर्ण.