साळवीबाई आणि दम लागणारी वॉटर स्कूटर

आमच्या शेजारच्या साळवीबाई कुठलीही गोष्ट आधी हुंगतात. दुधाची पिशवी, नवं वर्तमानपत्र, लिफ्टमधला माणूस, कुणाचीच सुटका नाही. नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर त्या सकाळी उभ्या राहतात आणि ऑफिसला निघालेल्या गाड्यांचा धूर नाकाने टिपतात. एकदा खालच्या शर्माजींना थांबवून म्हणाल्या, "भाईसाहब, आपकी गाडी कच्चा पेट्रोल छोड रही है. आज ही दिखाइए." शर्माजी हसून निघून गेले. संध्याकाळी ते स्वतःची गाडी ढकलत आत आले.

बाईंची सगळी नोकरी दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत पेट्रोल-डिझेल तपासण्यात गेली. लग्न केलं नाही. "मी रिटायर झाले, नाक नाही झालं," असं त्या स्वतःच सांगतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "घाई नको. तिला बोलू दे." ती म्हणजे यंत्र. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, सगळ्या त्यांच्या पेशंट, आणि प्रत्येकीचा शाळेच्या वहीत केसपेपर. आमच्या मिक्सरचा मी पाहिलाय. "वय नऊ. तक्रार: चटणीच्या वेळी रडते. इलाज: सुनेने खोबरं बारीक चिरून घालणे." हा इलाज घरात कुणी वाचून दाखवायचा यावरून आमच्याकडे दोन दिवस शांतता होती.

मी मानेसरच्या पुढे, तलावाकाठच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर आहे. मालक चोप्राजींनी हौसेने एक वॉटर स्कूटर आणली. पाण्यावर धावणारी मोटरसायकलच म्हणा. ती चालवायला आणि धुवायला रामफल नावाचा अबोल, पन्नाशीचा माणूस होता. स्कूटर काठावर छान सुरू व्हायची, आठ-दहा मिनिटं झकास पळायची आणि ऐन तलावाच्या मध्यावर धापा टाकून बंद पडायची. अर्ध्या तासाने, काही न करता, पुन्हा सुरू. मेकॅनिक आले. त्यांनी प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. स्कूटर पुन्हा मध्यावर जाऊन बसली. चोप्राजी रोज माझ्यावर डाफरू लागले, तेव्हा मी बाईंना सांगितलं.

रविवारी टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांनी वही माझ्या हातात दिली. "लिही. दम कधी लागतो? उन्हात की सावलीत? भरल्या पोटी की रिकाम्या?" मी विचार करता करता पेन्सिल चावू लागलो, तशा त्या ओरडल्या, "अरे शिरीष, केसपेपर लिहितोयस की नाश्ता करतोयस?"

तलावावर पोचल्यावर त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, उन्हात धरलं, हुंगलं. "ताजं आहे. तळाला पाणी नाही. पोट साफ आहे हिचं." मग रामफलला म्हणाल्या, "भैया, आप चलाइए. बंद हो जाए तो किसी चीज को हाथ मत लगाइए."

आणि पाठोपाठ आम्ही. तिथे पायडल मारायची एक हंसाची होडी होती. सुती साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून बाई हंसात बसल्या आणि मी घाम गाळत पायडल मारत होतो. काठावरच्या पाहुण्यांनी फोटो काढले. बाईंनी गंभीरपणे हात हलवला.

दहाव्या मिनिटाला स्कूटर बंद पडली. आम्ही डुलत डुलत तिथे पोचलो. बाईंनी वाकून टाकीचं झाकण अगदी हळू फिरवलं. हुस्स! बाहेरची हवा आत ओढली गेली. "अब लगाइए." रामफलने बटण दाबलं आणि स्कूटर एका झटक्यात सुरू झाली.

बाईंचा चेहरा उजळला. "बघितलंस? पेट्रोल संपत जातं, त्याच्या जागी हवा यायला हवी. ती येतच नाहीये. बिचारीचा श्वास कोंडतोय. हवेची नळी कुठेतरी बंद आहे."

माझे पाय पायडलवरच थांबले.

स्कूटर आली त्या दिवशी टेम्पोत एका बारीक नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. वास सहन होईना, म्हणून मी खिशातली पेन्सिल मोडून तुकडा नळीच्या तोंडात खुपसला होता. आणि विसरून गेलो होतो. काठापर्यंत परतायला दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी ते सांगू शकलो असतो. मी पायडल मारत राहिलो.

काठावर चोप्राजी उभे होते. बाईंनी पुढचं झाकण उघडलं, नळीवरून बोट फिरवत नेलं आणि टोकातून पेन्सिलीचा तुकडा ओढून काढला. चोप्राजी सरळ रामफलकडे वळले. "तू ही धोता है रोज इसको. ये तेरा काम है?"

"नहीं साब, मैंने तो कभी..."

"कल से मत आना."

रामफलने हात जोडले. मी त्याच्यापासून दोन पावलांवर होतो आणि बुटांकडे बघत होतो.

बाईंनी तुकडा नाकाजवळ नेला, मग डोळ्यांजवळ. त्यावर दातांच्या खुणा होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. मी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "इनको मत डाँटिए. फोन पर मैंने ही कहा था, पेट्रोल टपके तो नली बंद कर दो. खोलने को कहना भूल गई."

चोप्राजींनी मला विचारलं, "क्यों शिरीष?"

मी म्हणालो, "हां सर. आंटीजी ने ही कहा था."

"वाह आंटीजी! खुद ही बीमारी, खुद ही डॉक्टर!" चोप्राजींनी नाक पुढे काढून हवा हुंगण्याची नक्कल केली. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. ते हसू आठवलं की आजही माझे कान तापतात.

परतताना टॅक्सीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. नोएडा येईपर्यंत त्यांनी काहीही हुंगलं नाही.

तीन दिवस मी त्यांच्या दारासमोरून पाय न वाजवता जात होतो. चौथ्या दिवशी बेल दाबली. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"लॅबमध्ये एकदा दोन बाटल्यांची लेबलं माझ्याकडून बदलली गेली. चौकशी झाली. सगळे म्हणाले, बाटल्या आणणाऱ्या शिपायाने केलं. मी तिथेच बसले होते. त्याचं नाव किशनलाल. त्याची नोकरी गेली. पुढे कळलं, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला राहतो. किती वेळा गेले असेन. गल्लीच्या तोंडाशी पोचले की पाय वळायचे. मग एकदा घरापर्यंत गेले, तर ती माणसं कधीच घर सोडून गेली होती."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"चोप्राला सांगितलंस?"

"हो. आज सकाळी, फोनवर. ते म्हणाले, छोडो यार, मशीन चल रही है ना."

"आणि रामफलला?"

"अजून नाही."

बाई उठल्या, पायात चपला सरकवल्या. "चल. मी बरोबर येते. एकट्याने हे होत नाही, शिरीष. मी करून बघितलंय."

आम्ही तलावावर पोचलो तेव्हा रामफल काठावर लाइफ जॅकेटं वाळत घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं, पेन्सिल, टेम्पो, माझं गप्प बसणं, त्याचे जोडलेले हात. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. रामफलने हातातलं जॅकेट नीट पसरवलं, त्याचे पट्टे सरळ केले. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तो शेडमध्ये गेला आणि एक खुर्ची घेऊन आला. ती खांद्यावरच्या गमछ्याने पुसली आणि सावलीत ठेवली.

"बैठिए, आंटीजी."

एकच खुर्ची होती. मी उन्हात उभा राहिलो.